मुहूर्ताच्या पाच वेली

क्रांती फलटणच्या उसातून तासगावच्या द्राक्षात सून म्हणून आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूनं शेजारणीला सांगितलं, "उसातली पोर हाय. एकदा लावलं की वरीसभर हात झाडून बसायची सवय." क्रांती आत भाकरी थापत होती. तिनं ऐकलं आणि पुढची भाकरी जरा जोरात तव्यावर टाकली. तेवढंच.

नवरा वीरधवल फौजेत. घरात सासरे आप्पासो, सासू चंद्राबाई, ती आणि लहान शिवांजली. स्वयंपाक, धुणं, म्हशी, मुलीची शाळा हे क्रांतीचं. द्राक्षबागेचं मात्र दोघं ठरवायचे: आप्पासो आणि बांधापलीकडच्या जयराजचा फवारणीचा ब्लोअर. सकाळी जयराजच्या बागेत ब्लोअर सुरू झाला की आप्पासो चहा अर्धा टाकून उठायचे. बांधावरून ओरडून औषधाचं नाव विचारायचे आणि दुकानातून तेच आणायचे. जयराज त्याच्या शेजाऱ्याचं बघून मारायचा. पहिला कोण आणि कशासाठी, हे कुणी विचारत नव्हतं. सगळं शिवारच असं चालायचं.

मग एका संस्थेनं गावातल्या काही बागायतदारांना टॅब दिले. संस्थेतर्फे आलेले मिलिंद म्हणाले, ज्याला वाचता येतं आणि दर आठवड्याला बागेतून फिरता येतं अशा माणसाकडे हा राहू द्या. आप्पासोंनी टॅब हातात धरून बघितला. "माझ्या डोळ्यांस्नी झेपायची न्हाई ही पाटी. सूनबाईला द्या." क्रांती बागेत शिरली ती अशी.

ओळीओळीतून फिरायचं, पानं उलटी करून बघायची, ठिपके आणि किडी मोजून टॅबमध्ये भरायच्या. मग टॅब सांगायचा, फवारा किंवा थांबा. पहिल्या हंगामात तो बऱ्याचदा थांबाच म्हणाला. जयराजचा ब्लोअर गरगरत असायचा आणि आप्पासो अंगणात येरझाऱ्या घालायचे.

"शेजारी मारतोय आन आपण काय नुसतं बघत बसायचं?"

"मामा, पानं मी सोता बघितल्यात. काय न्हाई."

ते कुरकुरत थांबले. त्या साली माल असा निघाला की व्यापाऱ्यानं घड हातात घेऊन दोनदा फिरवून बघितला. त्यानंतर आप्पासो चपला घालायच्या आधी आत आवाज द्यायला लागले, "क्रांती, पाटी काय म्हणतीया?" एकदा जयराजच दारात आला. "वैनी, आमच्या बागंचं बी विचारा की जरा. का तुमची पाटी फकस्त घरच्यांशीच बोलती?" चंद्राबाई हसल्या. त्या दिवशी त्यांनी चहा ओतला तो जयराजला, आप्पासोंना आणि मग क्रांतीला. स्वतःला शेवटी.

क्रांतीला बाग नको होती, पैसाही नको होता. तो रोजचा प्रश्न तेवढा हवा होता. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि भाजी कुठली करू याशिवाय त्या घरात तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या साली दसऱ्याला छाटणीचा मुहूर्त झाला. तिकडची रीत अशी, की चांगल्या दिवशी कोपऱ्यातल्या पाच वेलींची पूजा करायची, नारळ फोडायचा, घरच्या कर्त्यानं तेवढ्या पाच वेलींना कात्री लावायची. म्हणजे छाटणी धरली. बाकीची बाग मजुरांची टोळी मिळेल तेव्हा छाटायची. हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून कुणी बोलत नाही. उसात लावण ज्या दिवशी होते त्याच दिवशी होते. क्रांती मुहूर्ताला पहिल्यांदाच बागेत आली होती. तिनं हळदकुंकू वाहिलं, आप्पासोंना कात्री चालवताना बघितलं, बाकीची बाग लगेच छाटतील असं धरलं आणि घरी येऊन टॅबमध्ये छाटणीची तारीख भरली. गेल्या साली ती तारीख मिलिंदनी स्वतः आप्पासोंना विचारून भरली होती. यंदा तिनं आपल्या हातानं भरली आणि तिला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती फलटणला गेली. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. इकडे टोळी दुसऱ्याच गावात अडकली आणि पंधरवडा उलटल्यावर आली. क्रांती परतली तेव्हा सगळी बाग छाटलेली होती. मग विचारायचं काय? टॅब मात्र दसऱ्यापासून दिवस मोजत होता. फुलोरा कधी, मणी कधी, कुठला रोग कधी घात करतो, त्याचा सगळा हिशेब त्या तारखेवर. त्याच्या लेखी ही बाग होती त्यापेक्षा पंधरा दिवसांनी मोठी होती.

टॅब म्हणायला लागला, मणी धरले. क्रांती ओळीत उभी राहून घड बघायची तर त्यांवर नुसती फुलं. तिनं जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "मामा, यंदा घड जरा मागं हायत का?"

"थंडीनं ऱ्हात्यात मागं," आप्पासो म्हणाले आणि आमटी ओढली.

तिला आणखी विचारता आलं असतं. मिलिंदना फोन करता आला असता. पण विचारलं की उसातली पोर उसातलीच ठरणार, हे तिला दिसत होतं. तिनं टॅबला तेवढं सांगितलं, ठिपके नाहीत.

मग आभाळ भरून आलं आणि दोन दिवस अवकाळी पाऊस झाला. उघडलं त्या सकाळी चारी बाजूंनी ब्लोअर सुरू झाले. या पावसानंतर दावण्या हा बुरशीचा रोग येतो, आणि फुलोऱ्यात आला तर घडच खातो, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. आप्पासो ट्रॅक्टरची किल्ली घेऊन दारात थांबले.

"क्रांती, पाटी काय म्हणतीया?"

"मणी धरल्यात, आता धोका कमी, म्हणती. पानावर ठिपका दिसला तरच मारा."

"फुलं दिसत्यात की गं अजून."

"तुमीच म्हणाला न्हवं, थंडीनं मागं राह्यल्यात?"

चंद्राबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "आवं, सगळं शिवार फवारतंया."

"सगळं शिवार गेल्या साली बी फवारत हुतं," आप्पासो म्हणाले. "माल कुणाचा चांगला निघाला?" त्यांनी क्रांतीकडे बघितलं. "तू म्हणतीस तर ऱ्हाऊ दे." किल्ली परत खुंटीला गेली.

क्रांती त्या दिवशी दोनदा बागेत जाऊन आली. पानं हिरवीगार होती. चौथ्या दिवशी तिनं एक पान उलटं केलं आणि खाली पांढरी बुरशी पसरलेली दिसली. पुढच्या वेलीवरही होती. ती पळत घरी आली. आप्पासोंनी तीन दिवस ब्लोअर चालवला, जेवायलासुद्धा बागेतच डबा मागवला. पण घडांचे देठ काळे पडले होते. बोट लावलं तरी फुलं भुसा झडावा तशी झडत होती. निम्म्याहून जास्त बाग गेली. बांधापलीकडे जयराजची उभी होती.

मिलिंद आले. त्यांनी घड बघितले, टॅब बघितला. "ताई, छाटणी कधीची?"

"दसऱ्याची."

"दसऱ्याला मुहूर्त केला," आप्पासो म्हणाले. "छाटणी दिवाळीच्या तोंडावर."

मिलिंदनी टॅब हळूच खाटेवर ठेवला.

"आन मुहूर्त म्हंजी पाच येली, ह्ये हिला ठावं न्हवतं?" चंद्राबाईंनी विचारलं, पण विचारलं आप्पासोंना.

"आपुन तरी कवा सांगितलं?" आप्पासो म्हणाले. "चूक तुझी न्हाई पोरी." ते अगदी मनापासून म्हणाले. त्यांचे डोळेही भरले होते.

घरात भांडण झालं नाही. क्रांती वाट बघत होती. भांडण झालं असतं तर तिलाही दोन शब्द बोलता आले असते. सासूनं टोमणा मारला नाही. वीरधवल फोनवर म्हणाला, "होतं असं. तू शिवांजलीचा अभ्यास बघ." आप्पासो तिच्याशी पूर्वीसारखेच बोलत. बीपीची गोळी मागत, नातीला शाळेतून आणलं का विचारत. फक्त सकाळी चपला घालून ते सरळ जयराजच्या बांधावर जात.

ती अजून दर आठवड्याला पानं बघत होती. तारीख दुरुस्त केली होती. टॅब आता बरोबर सांगत होता, पण ऐकायला कुणी नव्हतं.

उरलेला माल बेदाण्याला गेला आणि बाग मोकळी झाल्यावर मिलिंद पुन्हा आले. नवा हंगाम कसा करायचा, विचारायला. क्रांती आत होती. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"यंदा नको," आप्पासो म्हणाले. "दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"ताईंना विचारू का?"

"ती सैपाकात हाय," चंद्राबाई म्हणाल्या.

क्रांतीनं टॅब फडक्यानं पुसला, चार्जर गुंडाळून त्यावर ठेवला आणि बाहेर आली. मिलिंदनी हात पुढे केला नाही. "ताई, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणालात तर मी यांना समजावतो. ठेवायचा का?"

प्रश्न तिलाच विचारला होता. तिनं आप्पासोंकडे बघितलं. ते वाटेकडे बघत होते. वाटेवर कुणीही नव्हतं.

"मामा म्हणत्यात तसं," ती म्हणाली.

मिलिंद गेल्यावर चंद्राबाईंनी मेथीची जुडी तिच्यापुढं सरकवली. "ही निवड तेवढी. सांच्याला करायची."

"निवडते," क्रांती म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली.