नळीखालचा अंगारा

त्या वॉर्डात मी कुणावरच विश्वास ठेवला नाही, हे आधी कबूल करते. माझी मुलगी सातव्या महिन्यातच जन्मली, ओंजळीत मावेल एवढी. चंद्रपूरच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. दंडातून हृदयाजवळ जाणाऱ्या बारीक नळीतून तिला औषध आणि अन्न देत होते. नवरा गावच्या तलावावर मासे धरतो. तो दोन-दोन दिवसांनी यायचा. मी एकटी बसून सगळ्यांच्या हातांवर नजर ठेवायची. त्यातही एका अबोल सिस्टरच्या. "हात धुतले का?" असं तिला दर वेळी विचारायची. ती माझ्यासमोर पुन्हा धुवायची. मला तेही नाटक वाटायचं.

नवव्या दिवशी बाळ गार पडलं, मधेच श्वास घेईनासं झालं. रक्तात जंतू गेलेत, बहुतेक नळीवाटे, असं डॉक्टर म्हणाले. ती नळी काढून नवं औषध सुरू करायचं होतं, त्यासाठी सही हवी होती. मला वाटलं, यांची काहीतरी चूक झाली आणि आता ती लपवून राह्यले. "मालक आल्याबिगर मी सही नाई करत," असं म्हणून मी जिन्यात जाऊन बसले. महाकालीला म्हटलं, आई, भरवसा ठेवावा असं एक तरी माणूस पाठव. खरं सांगायचं तर तेव्हा तिच्यावरही माझा पुरता भरवसा नव्हता.

थोड्या वेळानं बुरख्यातली एक वयस्क बाई नातवाला कडेवर घेऊन जिना चढून आली. घुग्घुसची होती. नातवाच्या तपासणीला आली होती आणि मजला चुकली होती. माझा चेहरा पाहून थांबली. सगळं ऐकल्यावर तिनं नातवाची बाही वर केली. दंडावर लहानसा पांढरा डाग होता.

"याले बी असंच झालं होतं, बेटी. नळी काढली, तेव्हा कुठी दवाई लागू पडली. काऊन बसून राह्यली इथी? जा."

मी आत जाऊन सही केली. पण एक गोष्ट अजून सांगायची होती. चार दिवसांआधी, कुणाचं लक्ष नसताना, मी नळीवरच्या पट्टीचं टोक उचलून देवीचा अंगारा आत सारला होता. मी ते त्याच सिस्टरला सांगितलं. आता ती ओरडणार, असं वाटलं.

"सांगितलं ते बरं केलं, बाई," ती हळूच म्हणाली. "त्यानंच झालं असं मी म्हणत नाई. पण आता तिच्या अंगाले काही लावू नका." आणि लगेच डॉक्टरांकडे गेली.

नळी काढल्यावर तिसऱ्या दिवशी मुलीचे तळपाय उबदार लागले. महिनाभरानं आम्हाला घरी सोडलं. जंतू कुठून आले, ते कधीच कळलं नाही. त्या बाईचं नाव विचारायचं राहून गेलं. देवीनं तिला पाठवलं की ती नुसती मजला चुकली, हा वाद मी घालत नाही. मी दोघींनाही हात जोडते. शरण जायचं म्हणजे डोळे मिटून बसायचं, असं मी समजत होते. त्या दिवशी मला ते आपलं लपवलेलं सांगून टाकण्यातच सापडलं.

परतताना एसटीत मुलगी दुधासाठी मोठ्यानं रडली. लोक वळून पाहत होते. तिला पदराखाली घेण्याआधी मी तो आवाज थोडा वेळ ऐकत बसले.