लॅपटॉपमधली विहीण

माझ्या मुलीने क्युबेकवर एमए करायचं ठरवलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. क्युबेक म्हणजे कॅनडातला फ्रेंच बोलणाऱ्यांचा प्रांत. तिथले लोक कसे राहतात, मतं कुणाला देतात, नद्यांवर धरणं झाल्यावर तिथल्या जंगलाचं आणि गावांचं काय झालं, असा तिचा विषय. मी म्हटलं, अगं, जन्म तुझा मनामातला, गाव दापोलीकडे, त्या बर्फातल्या नद्यांचं तुला काय पडलंय? तर म्हणाली, "इट्स इंटरेस्टिंग, आई."

इंटरेस्टिंग डोंबल! आमच्या बहरीनमध्ये, किंबहुना सगळ्या गल्फमध्येच, नुसतं शिकायचं म्हणून कुणी शिकत नाही. इथे कोर्स करायचा तो प्रमोशनसाठी, नाहीतर दुसऱ्या देशाच्या व्हिसासाठी. मनामा शहरात बाब अल बहरीन नावाच्या जुन्या वेशीच्या मागच्या गल्लीत आम्ही राहतो. समोरच्या दारातल्या भाभी रत्नागिरीच्या. त्यांच्या भाच्याने असंच फ्रेंच शिकून कॅनडा गाठला आणि तो तिकडचाच झाला. त्यांनी ऐकल्याबरोबर मान हलवली. "फ्रेंच येत असली की पीआरला, म्हणजे तिकडे कायमचं राहायला, पॉइंट जास्त मिळतात. पोर हुशार आहे तुमची. बोलत नाही, एवढंच."

झालं! त्या दिवसापासून माझी झोप उडाली. एकच मुलगी आहे मला. ती कायमची तिकडे गेली तर मी काय करायचं, एवढाच माझा प्रश्न होता. बाकी त्यांचं राजकारण आणि त्यांची धरणं गेली खड्ड्यात.

ती तिकडे राहून शिकून आली आणि शेवटचे काही महिने प्रबंध लिहायला घरी बसली. मला वाटलं, आली एकदाची. पण खोलीचं दार लोटून ती संध्याकाळभर लॅपटॉपवर फ्रेंच बोलायची. आपल्याकडे संध्याकाळ तेव्हा तिकडे सकाळ असते म्हणे. गावातल्या लोकांच्या मुलाखती चालल्यात, असं ती सांगायची. मुलाखत घेताना माणूस इतकं खिदळतं का हो? मी ह्यांना विचारलं. हे हिद्दला पोर्टजवळच्या एका गोडाऊनमध्ये आहेत, कंपनीच्या बसने दमून येतात. म्हणाले, "तू आधी चहा टाक." एरवी मुलीचं नाव काढलं की तासभर बोलणारा माणूस चहावर कसा घसरला? कुठेतरी पाणी मुरत होतं.

मग एका संध्याकाळी कपडे ठेवायच्या निमित्ताने मी दार ढकललं. स्क्रीनवर एक म्हातारी. पांढरे केस, अंगात जाड स्वेटर, गाल लाल. आपला फोन फिरवून ती हिला घर दाखवत होती. आधी स्वयंपाकघर, मग भिंतीला रचलेला लाकूडफाटा, मग खिडकीतून दिसणारी गोठलेली पांढरी नदी. आणि मग तिने भिंतीवरचा एक फोटो काढून थेट कॅमेऱ्यासमोर धरला. चांगला गोरागोमटा, उंचापुरा मुलगा! माझी लेक फोटो बघून हसली, काहीतरी विचारलं आणि भराभरा टाइप करू लागली.

मी दारातच गार पडले. अगं बाई, घर दाखवून झालं, मुलगा दाखवून झाला, आता राहिलं काय? इथे बघण्याचा कार्यक्रम उरकला आणि मुलीच्या आईला पत्ता नाही! रात्री जेवताना मी अगदी साळसूदपणे विचारलं, "कोण गं त्या बाई?" तर म्हणे, "नदीकाठच्या एका गावच्या आहेत. उद्या परत बोलायचंय त्यांच्याशी." उद्या परत! म्हणजे याद्या करायलाच बसणार होत्या की काय?

मी काही दूधखुळी नाही. दुसऱ्या दिवशी काठाची हिरवी साडी नेसले, मंगळसूत्र बाहेर काढलं, अंबाडा घातला. ह्यांना म्हटलं, यल्ला, चला लवकर, चांगला शर्ट घाला. हे "अंघोळ करून येतो" म्हणून न्हाणीघरात जे शिरले ते येईनातच. मग मी एकटीच खुर्ची उचलली आणि मुलीच्या शेजारी जाऊन बसले. स्क्रीनकडे बघून हात जोडले. "नमस्कार."

"आई! इंटरव्ह्यू चालू आहे!"

"चालू दे की. मलाही दोन गोष्टी विचारायच्यात. विचार त्यांना, मुलगा काय करतो?"

"कुठला मुलगा?"

"फोटोतला. जास्त शहाणपणा करू नकोस."

म्हातारीला मात्र मला बघून कोण आनंद झाला. लेकीने कपाळाला हात लावला आणि विचारलं. मुलगा लांब पश्चिमेकडे खाणीत कामाला गेलाय. मी विचारलं, घरात कोण कोण असतं? कुणीच नाही. तीन मुलं, तिघंही बाहेर. जमीनजुमला? होती, निम्मी धरणाच्या पाण्याखाली गेली. मी एकेक विचारत होते आणि लेकीचा चेहरा चमत्कारिक होत चालला होता. शेवटी म्हणाली, "आई, हे सगळं मी काल विचारलंय. घरात कोण, जमीन किती, मुलं कुठे. हेच माझे क्वेश्चन्स आहेत."

"मग त्या मुलाचं आणि तुझं..."

"आई, तो पन्नास वर्षांचा आहे! जुना फोटो आहे तो!"

मला इतकी लाज वाटली की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. म्हातारी काय झालं म्हणून विचारत होती. या कार्टीने सगळं सांगितलं असणार, कारण म्हातारी हसता हसता खोकायलाच लागली. मग मीही हसले. काय करणार?

डोळे पुसून ती माझ्याकडे बघत बरंच काही बोलली. हातवारे केले, छातीवर हात ठेवला.

"काय म्हणाली?"

"तुला नमस्कार सांगितलाय."

"एवढा लांबलचक नमस्कार? खरं सांग."

"सांगून टाक गं," दारातून आवाज आला. हे डोक्यावर टॉवेल टाकून उभे होते. म्हणजे ह्यांना ठाऊक होतं! घरात मी एकटीच मूर्ख!

लेक मान खाली घालून बोलली. तिला तिकडे पीएचडीसाठी जागा मिळाली होती. म्हातारी म्हणत होती की पोर इकडे आली की माझ्या घरी राहील, तुम्ही काळजी करू नका. पीएचडी म्हणजे वर्षानुवर्षं. माझा संशय खोटा नव्हता, फक्त मी भलत्या घरात विहीण शोधत बसले होते. माझं डोकंच फिरलं. स्क्रीनवर परकी बाई बघतेय याचंही भान राहिलं नाही.

"परत येणार आहेस की नाही, तेवढं सांग मला!"

"कुठे येऊ, आई?"

"कुठे म्हणजे? घरी!"

"बाबांचा जॉब संपला की इथला व्हिसा खलास. मग मला कोण राहू देणार मनामात?"

"मग गावी ये."

"गावी तू राहणार आहेस? सुट्टीत गेलो की आठ दिवसांत तुला मनामा आठवतं. बाबा गावी जाऊ म्हणतात, तू पुण्याला फ्लॅट घेऊ म्हणतेस. मी लहान होते तेव्हापासून ऐकतेय हे."

"मी जिथे असेन तिथे ये!" मी ओरडले.

म्हातारीने हळूच काहीतरी विचारलं. लेकीने तिला आमचं भांडण थोडक्यात सांगितलं असावं. ती खिडकीकडे बघत दोनच वाक्यं बोलली. या वेळी मी विचारायच्या आतच लेकीने ती मला सांगितली.

"ती म्हणते, माझं घर पन्नास वर्षं एकाच जागी आहे. मुलांना रस्ता पाठ आहे, तरी कुणी येत नाही." मग तिने माझा हात धरला. "मला यायचंय, आई. शप्पथ यायचंय. पण कुठे, ते तू सांग."

मी तोंड उघडलं, आणि कुठल्या गावाचं नाव घ्यावं तेच मला कळेना.