घरात दोन प्रोसेसरचा कॉम्प्युटर कशाला हवा?

मंडळी, आमचा कॉम्प्युटर बंद पडला म्हणून आज पनवेलच्या बाजारात जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले होते. तिथे कोपऱ्यात एक मोठा डबा घरघरत होता.

"दोन प्रोसेसरचा आहे," दुकानदार म्हणाला.

मी तिथेच थबकले. आमच्या सायलीकडे अगदी असाच होता. अॅनिमेशन शिकायची ना ती! तिच्या खोलीतून दिवसभर त्याचे पंखे ऐकू यायचे. "बंद कर गं ते, टीव्ही ऐकू येत नाही," म्हणून मी रोज ओरडायचे. नोकरीसाठी हैदराबादला जाताना तिने तो विकून टाकला.

"केवढ्याला हा?" मी विचारलं.

"काकू, करणार काय तुम्ही त्यावर?"

"लाइट बिल भरायचं. लेकीशी व्हिडिओ कॉल."

तो हसला. "मग साधा घ्या. ह्याचा दुसरा प्रोसेसर नुसता बसून राहील. वीज खातो, तापतो, आणि आवाज तर विचारूच नका."

खरंच बोलला बिचारा. पण मला आवाजच तर हवा होता, हे त्याला कुठल्या तोंडाने सांगू?

साधाच घेऊन आले. आता टीव्ही लावून बसलेय. शब्दन् शब्द ऐकू येतोय.

तुमच्या घरातला कुठला आवाज बंद झालाय?