बॉबिनची झोपेतली ओळख

माझा मामा शिंपी, पण नवा कपडा त्याने उभ्या जन्मात शिवला नाही. लोकांचे जुने कपडे उसवायचे, आत घ्यायचे, सैल करायचे, एवढंच त्याचं काम. म्हणून सगळी गल्ली त्याला उसवेमामा म्हणते. बोलणं बेताचं, कारण ओठांत कायम चार टाचण्या. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, आणि मशीनच्या पायडलजवळ त्याचा तपकिरी कुत्रा, बॉबिन. नऊ महिन्यांपूर्वी एका दुपारी मामा कपडे पोचवायला गेला. जाताना दार नुसतं ओढलं, कडी लावायची राहिली. परत आला तर पायडलजवळची जागा रिकामी.

"सुटलास एकदाचा," मी म्हणाले होते. कुत्र्यांचं मला फारसं कौतुक नाही. पण पुढच्या आठवड्यात मामाने दोन गिऱ्हाइकांच्या पँटचा एकेकच पाय आखूड केला. तेव्हा मी जीभ चावली.

मग सात महिन्यांनी शहराबाहेरच्या प्राण्यांच्या निवाऱ्यातून फोन आला. तुमच्या 'कुत्रा हरवला आहे'च्या पत्रकात लिहिलंय तसे, मोजा घातल्यासारखा डावा पाय पांढरा असलेले दोन कुत्रे इथे आहेत, येऊन ओळख पटवा. मीही गेले. लांब बोळ, दोन्हीकडे जाळीचे कप्पे, झरोक्यांतून उतरणारं पिवळं ऊन, ओल्या फरशीचा वास, आणि भुंकण्याचा असा गलका की आपण पाण्याखालून चालतोय असं वाटावं. पहिल्या कप्प्यातला कुत्रा मला बघून उड्याच मारायला लागला.

"हाच!" मी ओरडले. "बघ ना कसा ओळखतोय!"

"गुणी आहे," त्याच्या कानामागे खाजवत मामा म्हणाला, "पण हा सगळ्यांनाच ओळखतो."

दुसरा शेवटच्या कप्प्यात होता, भिंतीकडे तोंड करून. हाडांचा सापळा, एक कान फाटका. "बॉबिन!" मामाने खणखणीत हाक मारली. काही नाही. मामा वाकला, तशी त्याच्या गळ्यातली टेप लोंबली, आणि कुत्रा अंग चोरून थरथरू लागला.

"ती टेप काढा आधी," निवारा सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या. "पट्ट्यासारखं काही दिसलं की असाच करतो. मार खाल्लाय बिचाऱ्याने. आणि काका, खात्री असेल तरच न्या. चार दिवसांनी परत आणून सोडलंत, तर हा कायमचा मिटेल."

जेवतानाही न उतरणारी टेप मामाने खिशात कोंबली. चेहरा असा, जणू स्वतःच मारलं होतं.

सलग तीन दुपारी आम्ही तिथे गेलो. हाका मारून घसा बसला. तिसऱ्या दिवशी मामाने उसवायला एक कोटच बरोबर घेतला आणि टाचण्या ओठांत धरून जाळीला टेकून बसला. मी पेंगत होते. गलका दमून विरला होता, ऊन फरशीवर सावकाश सरकत होतं. कुत्रा झोपला होता आणि झोपेतच त्याचे पाय चालत होते. देव जाणे कुठल्या रस्त्यांनी.

"कुठं निघालास रे, बॉबिन?" मामा टाचण्यांमधूनच पुटपुटला.

शेपटी फरशीवर दोनदा आपटली.

मी ताडकन उठले, तर मामाने डोळ्यांनीच दटावलं. तो पुन्हा पुटपुटला. पुन्हा दोनदा. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही शहाणे तीन दिवस खणखणीत हाका मारत होतो, आणि त्या जिवाने आपलं नाव जन्मभर टाचण्यांमधूनच ऐकलं होतं. पण जागा झाल्यावर तीच हाक ऐकून त्याने पुन्हा भिंत धरली.

"तुमचाच आहे," बाई म्हणाल्या. "पण वरून वाकू नका, डोळ्यांत बघू नका, मागे मागे करू नका. सध्या त्याच्याकडे काहीच मागू नका. प्रेमसुद्धा."

बॉबिनला घरी आणलं आणि मामाने ते शब्दशः पाळलं. टेप पेटीत गेली. मापं नुसत्या नजरेने. येणाऱ्याला तो दारातच बजावायचा, "कपाटाखाली बघू नका, भिंतीकडे बघून बोला." त्यामुळे भली भली माणसं आमच्या कॅलेंडरला आपल्या कंबरेचा घेर सांगू लागली. एक निवृत्त मास्तर तर कॅलेंडरलाच नमस्कार करून गेले.

बॉबिन कपाटाखालीच राहायचा. मामा खोलीबाहेर गेला तरच खायचा. आमचा होता तो फक्त झोपेत. रोज दुपारी त्याचा डोळा लागला की मामा जमिनीवर बसून पुटपुटायचा, शेपटी हलायची, आणि मामा आत येऊन मला सांगायचा, "भेट झाली."

असा दीड महिना गेला.

"मामा, जागेपणी तो कधी आलाच नाही तर?"

"तर नाही येणार. दार मी उघडं टाकलं होतं. त्याने का म्हणून यावं?"

मला रडूच आलं. कुत्र्यासाठी की मामासाठी, कोण जाणे.

परवा दुपारी मी बाहेरून आले तर मामा मशीनवर डोकं टेकून झोपला होता, टाचण्या त्यांच्या इवल्या उशीत खोचलेल्या, एक हात खाली लोंबणारा. आणि बॉबिन कपाटाखालून बाहेर आला होता. टक्क जागा. त्याने मामाचं एकेक बोट हुंगलं, बराच वेळ विचार केला, आणि मग हनुवटी मामाच्या पावलावर ठेवून तो झोपलेल्या मामाकडे बघत राहिला. मी उंबऱ्यातच थांबले. श्वाससुद्धा जपून घेतला. तेव्हा दिसलं की मामाच्या मिटलेल्या पापण्यांखालून पाणी वाहतंय.

माझ्या मागून कोटवाले गृहस्थ डोकावले. "मामा, झाला का कोट?"

मामाने डोळे उघडले नाहीत. पाऊलही हलवलं नाही.

"मी झोपलोय," तो हळूच म्हणाला. "उद्या या."