यूटर्न काकांचं गॅरेज

नर्सेसना घरून हॉस्पिटलात नेणारी ती पांढरी व्हॅन पाण्याच्या टाकीपाशी आली, की आतल्या बायका गप्प व्हायच्या. सरळ गेलं तर हॉस्पिटल. डावीकडे ड्रायव्हरचं घर. ड्रायव्हरचा हात इंडिकेटरकडे गेला, की समजायचं, आजच्या हजेरीवर लाल शाई.

"काका, नको हो! लागलंय दार!" मागून थोरल्या सिस्टर ओरडायच्या.

"तुम्ही बघितलंत का?" काका विचारायचे, आणि गाडी वळवायचे.

म्हणून नाव पडलं यूटर्न काका. गंमत अशी, की इतक्या वेळा माघारी जाऊनही त्यांना गॅरेजचं दार एकदाही उघडं सापडलं नव्हतं. त्याचा त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण व्हायचा नाही. उलट वाटायचं, आज नाही ना, मग उद्या नक्की.

माणूस तसा घाबरट नव्हे. उभी हयात सरकारी बस चालवली. गर्दीत, घाटात, दंगलीतसुद्धा. अंगावर अपघाताचा एक डाग नाही, आणि कुणा साहेबापुढे मान खाली घातल्याचाही नाही. निवृत्तीनंतर घरी बसून भाजी कशी चिरावी यावर बायकोला अक्कल शिकवू लागले, तेव्हा काकूंनीच सांगितलं, "अहो, एक गाडी घ्या आणि मला मोकळी करा." मग जुनी व्हॅन घेतली, हॉस्पिटलचं काम मिळालं. मानानं मिळालेलं काम. पण आता तेच दोरीवर लटकत होतं. ऑफिसातल्या साहेबांनी बोलावून सांगितलं होतं, "काका, तुमच्यामुळं वॉर्डात रात्रपाळीच्या बायका अडकून बसतात. पुन्हा उशीर झाला, तर मी दुसरी गाडी बघणार."

काका त्या दिवशी घरी येऊन जेवलेही नाहीत.

घर त्यांचं एवढंसं, गॅरेज मात्र ऐसपैस. व्हॅन बाहेर पडली की तिथं काकूंचं राज्य सुरू व्हायचं. भिंतीला लावलेली दोन शिलाई मशीनं पुढं ओढायची, फळ्या टाकून कापायचं टेबल करायचं, आणि काकू नि वन्सं मिळून पडदे शिवायच्या. वन्सं म्हणजे काकांची धाकटी बहीण, पलीकडच्याच गल्लीत राहणारी. दुपारनंतर सगळं पुन्हा भिंतीला, आणि जागा व्हॅनला मोकळी.

दाराला मोटर होती, रिमोट होता. काका व्हॅन बाहेर काढत, रिमोट दाबत, दार जमिनीला टेकेपर्यंत बघत, वर खाली उतरून हातानं चाचपत. आणि दोन वळणं गेली की डोक्यातला किडा वळवळायला लागे. टेकलं खरं. पण टेकून परत वर गेलं असेल तर?

"काका, दार मोबाईलला जोडून घ्या ना," पुढच्या सीटवरची तरुण नर्स एकदा म्हणाली. "बंद आहे की उघडं, फोनवरच दिसतं. उघडं असलं तर तिथूनच बंद करायचं. पेट्रोल वाचेल आणि आमच्या शिव्याही."

दुसऱ्याच दिवशी फिटर हजर. तोंडात साखर, हातात एक पांढरी डबी. "जगाच्या पाठीवर कुठंही असा काका, अंगठा ठेवला की दार खाली!"

"आणि तेव्हा दारात मी उभी असले तर?" काकूंनी आतून विचारलं.

"त्याला एक डोळा असतो काकू, खाली काही आलं की दार थांबतं. तो नंतर बसवू, तुमचं पक्कं झालं की. आधी दोन-तीन दिवस वापरून तर बघा."

काकांनी मान डोलावली. डोळा बसेपर्यंत काय, याचं उत्तर काकूंना मिळालंच नव्हतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. सोय विकणारा नेहमी पाकीट ज्याच्या खिशात त्याच्याशी बोलतो. ज्या जागेत बायका दिवसभर राबतात, तिचं दार कुणाच्या अंगठ्याखाली असावं, हे विचारायला तो कशाला थांबेल?

दुसऱ्या दिवशी टाकी आली. काकांनी गाडी कडेला घेतली, फोन काढला. पडद्यावर अक्षरं: दार बंद. व्हॅन सरळ गेली आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या.

पण किडा मेला नव्हता. त्याला आता खिशात घर मिळालं होतं. पूर्वी तो सकाळी एकदा वळवळायचा, आता प्रत्येक सिग्नलला. हॉस्पिटलच्या आवारात बाकीचे ड्रायव्हर पत्ते कुटत बसायचे, आणि काका फोनकडे बघत. बंद. चहाचा घोट. बंद. पुन्हा खिशात हात.

"काय काका, लफडं आहे काय?" अँब्युलन्सवाला म्हणाला.

"दाराशी," काका म्हणाले, आणि हसले नाहीत.

आणि तिसऱ्या दिवशी, दुपारच्या आधी, अक्षरं बदलली. दार उघडं.

काकांनी लगेच घरी फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला. तेच. कोण शिरलं असेल? ती एकटीच असेल का? अँब्युलन्सवाला म्हणत होता, "अहो, उघडलं असेल वहिनींनीच." ते कानात शिरलंच नाही. अंगठा बटणावर गेला होता.

आता त्या वेळी घरी काय चाललं होतं ते ऐका. लांब पडदा टेबलावर कापून कधी सरळ होत नाही. तो टांगावा लागतो, कापड आपल्या वजनानं खाली उतरू द्यावं लागतं, आणि मग खालची दुमड टाचायची. काकूंकडं एवढी उंच जागा एकच. गॅरेजचं दार अर्ध्याच्या वर उचलायचं आणि त्याच्या खालच्या कडेला चिमट्यांनी पडदे अडकवायचे. उजेडही मिळतो. पडदे टांगायचा दिवस काही रोज नसतो, आणि त्या वेळी काका कधी घरी नसत. एवढ्या वर्षांत त्यांनी आपल्या बायकोचं हे काम एकदाही पाहिलं नव्हतं. आणि फोनला तर दोनच गोष्टी कळत होत्या. उघडं किंवा बंद. अर्धं म्हणजे काय, हे त्याच्या बापालाही ठाऊक नव्हतं.

काकू आत मशीनवर होत्या, आणि वन्सं दाराखाली गुडघ्यावर बसून टाचत होत्या. तोंडात टाचण्या धरलेल्या. मोटर घरघरली तेव्हा त्यांना ओरडताही येईना. दाराची कड खांद्यावर आली तशा त्या अंग झोकून आत लोळल्या. नव्या दवाखान्याचे पांढरेशुभ्र पडदे दाराखाली चेंगरले, ग्रीसमध्ये माखले. आणि काकांच्या फोनवर अक्षरं आली: दार बंद. काकांनी सुस्कारा सोडला, चहा मागवला.

दुपारी घरी पोचले, तर मोरीत काकू पडदे घासत होत्या आणि वन्संच्या खांद्यावर बर्फाची पिशवी होती.

"ये दादा," वन्सं म्हणाल्या. "आज बहिणीची पोळी लाटत होतास की! कड नीट आली नव्हती का?"

काका सगळं ऐकल्यावर म्हणाले, "पण फोन का नाही उचललास तू?"

काकूंनी हातातला पडदा पाण्यात आपटला. "मशीन चालू, वर कापडाच्या ढिगात फोन! मी काय तुमच्या फोनची वाट बघत बसते? आता हे डाग गेले नाहीत तर दवाखानेवाल्यांना काय तोंड दाखवू? त्यांनी माझ्या शब्दावर काम दिलंय, तुमच्या अंगठ्यावर नाही."

"मी दाराच्या काळजीनं..."

"दाराची काळजी नाही हो ती! बस चालवलीत तेव्हा मागं दार लागलं का, कधी बघितलंत? कंडक्टर डबल बेल द्यायचा आणि तुम्ही निघायचात. आयुष्यभर मागचं बघायला दुसरा माणूस होता. आता तो नाही, एवढंच आहे सगळं."

काका मग एकदम उजळले. "मग तूच सांग ना रोज, दार लागलं म्हणून. तू सांगितलंस की मी निघालो."

"सांगत होते की. ठेवलात विश्वास? आणि खरं सांगू? स्वयंपाकघरातूनच ओरडायचे मी, 'लागलंय हो' म्हणून. न बघता." काकूंनी पिळलेला पडदा त्यांच्या खांद्यावर टाकला. "तुमचे कंडक्टर तरी बघत होते की नाही, कुणाला माहीत. मी नाही तुमची कंडक्टर. मला कामं आहेत."

ओला पडदा खांद्यावर घेऊन काका तसेच उभे. न बघता? इतकी वर्षं?

संध्याकाळी फिटर आला, पक्कं करायला. झालेला प्रकार कळल्यावर जीभ चावली त्यानं, पण धंदा सोडला नाही. "डोळा बसवतो काका, आजच. काकूंच्याही फोनवर देतो."

"मी आतच असते," काकू म्हणाल्या. "भिंतीवर बटण आहे आणि मला हात आहेत."

फिटर काकांकडे वळला. "काका, तुमच्या कामाचा प्रश्न आहे. उद्या परत वळाल, मग?"

प्रश्न तर खरा होता. डबी ठेवली तर व्हॅन वेळेवर जाणार होती, ऑफिसातलं नाव राहणार होतं. पण दुपारचा तो सुस्कारा आठवला. खाली बहीण लोळत होती आणि आपण चहा मागवला होता. फोननं खोटंही सांगितलं नव्हतं.

"काढ ती," काका म्हणाले.

"अहो, पण..."

"काढ म्हटलं ना! का मी चढू शिडीवर?"

दुसऱ्या दिवशी काकांनी दार लावलं, चाचपलं आणि निघाले. दोन वळणं झाली, किडा जागा झाला. टाकी दिसली. इंडिकेटरची दांडी बोटाला लागली सुद्धा. व्हॅनमध्ये चिडीचूप.

आजवर त्यांनी मनातली भीती बोलून दाखवली नव्हती, नुसती गाडी वळवली होती. आज तोंडातून निघून गेलं, "दार उघडं राहिलंय असं वाटतंय हो मला. लई वाटतंय."

थोरल्या सिस्टर नेहमीसारख्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "मला रोज वाटतं गॅस चालू राहिला."

"माझा नळ," मागून कुणीतरी म्हणालं.

"मी तर पोराला आंघोळीला पाठवून निघते. बाहेर आला की नाही, संध्याकाळपर्यंत जीव टांगणीला."

"मग?" काका आरशात बघत म्हणाले. "माघारी जात नाही?"

"कुणाच्या गाडीनं जाऊ?" सिस्टर म्हणाल्या. "आमच्यासाठी कोण वळवणार आहे?"

व्हॅन टाकीपाशीच रेंगाळली होती. मागं हॉर्न वाजायला लागले होते. काकांनी दांडीवरचं बोट काढलं आणि व्हॅन सरळ घातली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. प्रत्येकीचं डोकं आपापल्या घरात गुंतलेलं. डोक्यातला किडा वळवळतच होता, हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत. आणि काका चालवत राहिले.