भर उन्हात रुंदावलेल्या बाहुल्या

सोलापुरात कचेरीबाहेरच्या लिंबाखाली बसून मी अर्ज लिहीत असे. शिक्षण सातवीपर्यंतचे, तथापि माझ्या हातचा अर्ज साहेब लोक शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. माझा एक शिरस्ता होता. मसुदा पुरा झाला की तो अर्जदारास मोठ्याने वाचून दाखवायचा आणि वाचताना त्याच्या डोळ्यांवर नजर ठेवायची. खोटे वाक्य आले की पापणी हलते, हा माझा अनुभव.

सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात केम गावचा एक शेतकरी आपल्या मुलास घेऊन आला. मुलगा परमुलखात विमान चालविण्याचे शिक्षण घेत होता. तेथून त्यास घरी धाडले होते.

"डोळे मोजले माझे," मुलगा म्हणाला. "नजर चांगली आहे. पण डोक्यात हिशेब चालू असला की माणसाच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होतात. मनावर किती भार आहे ते त्यावरून ओळखतात. मला नुसतं बसवलं होतं, काही विचारलंच नव्हतं. तरी फोटोत बाहुल्या मोठ्याच. डॉक्टर म्हणाले, कसला हिशेब करतोयस?"

"बैलाचं बी कुनी डोळं मोजत न्हाय, सायेब, दात बघत्यात," बाप म्हणाला. "गावात समद्यास्नी सांगून बसलोय, पोरगं इमान उडवतंय म्हून."

पुन्हा तपासणी व्हावी, एवढीच मागणी होती. ती फेटाळली गेली तर शिक्षण तेथेच संपणार होते. मी मराठी मसुदा केला. त्याचे इंग्रजी टंकलेखक करणार होता. शिरस्त्याप्रमाणे वाचू लागलो.

"...सबब मी एकट्याने विमान चालविण्यास सर्वथा समर्थ असून..."

मुलगा सावलीबाहेर, सूर्याकडे तोंड करून बसला होता. तशा उन्हात माणसाची बाहुली मोहरीएवढी होते. याच्या बाहुल्या मात्र पसरत गेल्या, तपकिरी रंगाची केवळ कड उरली. पापणी हलली नाही.

"एकट्याने हा शब्द काढा," तो म्हणाला.

"अर्जाचा कणाच तो आहे."

"शिकाऊ विमानात मागे शिक्षकाची जागा असते. एकट्यानं उडायच्या दिवशी ती रिकामी ठेवतात." त्याचा आवाज संथ होता. "तिथून कुणीतरी काटे वाचतं. उंची, वेग. माझ्या आधी, आणि बरोबर. ते ऐकत ऐकत मला माझं वाचावं लागतं."

"आणि डॉक्टरांपुढे?"

"तिथंही वाचत होतं."

'आणि आत्ता?' असे विचारावयाचे माझ्या ओठांवर आले होते. त्याऐवजी मी टाक त्याच्या हाती दिला.

बाप वरमून म्हणाला, "त्येवडा शब्द खोडला तर अर्ज टिकंल का, सायेब?"

"नाही टिकणार."

"मग कर की सही, बाबा."

मुलाने टाक अलगद खाली ठेवला आणि मला नमस्कार केला. "चला आबा."

बाप पुढे झाला आणि मागे न पाहता फाटकाबाहेर पडला. मुलगा फाटकाशी थांबला. वडीलधाऱ्यास वाट द्यावी तसा अंग चोरून एका बाजूस झाला, क्षणभर मान लववून उभा राहिला आणि मग बाहेर गेला.

त्या वेळी फाटकात दुसरे कोणीही नव्हते.