मोटरवाली बाई

रुखमाबाईंसारखं पाणी देणारं माणूस डोणगावात दुसरं नव्हतं. वाफ्याच्या तोंडाशी फावडं घेऊन उभ्या राहिल्या की मेथीचं एक रोप वाहून जायचं नाही. मग एका हिवाळ्यात अंगावरून वारं गेलं आणि डावी बाजू निकामी झाली. फावडं भिंतीला टेकलं, रुखमाबाई अंगणातल्या बाजेवर आल्या. उजवा हात आणि तोंड तेवढं शाबूत राहिलं.

भाचा प्रसेनजित गावातच जळालेल्या मोटरी भरून द्यायचा. त्यानं विहिरीवरच्या स्टार्टरला एक डबा जोडला, त्यात सिमकार्ड घातलं आणि मामीच्या हातात मोबाईल दिला.

"मामी, शेतात लाईट आली की घंटी वाजीन. हे हिरवं बटन दाबजा. झालं."

बटन दाबलं की लगेच फोन यायचा. गोड आवाजात एक बाई सांगायची, "नमस्कार. आपली मोटर सुरू झाली आहे."

"हाव माय. जेवली काय?" रुखमाबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं.

नवरा, गुलाबराव, हसून हसून बेजार झाले. "अवं, ते मशीन हाय!"

"असो. तुमच्यापेक्षा नीट बोलते."

तेव्हापासून मोटरवाली बाई घरचीच झाली. गुलाबराव शेतात फावडं धरायचे आणि बाजेवरून हुकूम सुटायचे. तब्येत विचारायला कोणी आलं की रुखमाबाई म्हणायच्या, "बरी हाय. आताच वांग्याले पाणी सोडलं."

यंदा कांद्याची लावण झाली आणि बाई एकाएकी गप्प झाली. घंटी नाही. बटन दाबलं तर पडद्यावर नुसतं चाक फिरत राहायचं. डब्यातल्या सिमचं रिचार्ज संपलं असेल म्हणून गुलाबरावांना पिटाळलं. ते करून आले, तरी चाक फिरतंच. रुखमाबाई स्वतःचा अंगठा उलटसुलट करून पाहू लागल्या. हाही हात गेला की काय?

प्रसेनजित आला. त्यानं बराच वेळ मोबाईल चाळला.

"मामी, तुमचा हात चांगला हाय. ती कंपनीच दुसऱ्या मोठ्या कंपनीनं घेतली. जुने डबे त्याईनं बंद केले. आता नवा डबा घ्या म्हणतात, अन् दरवर्षी भाडं भरा."

"डबा तं आपण इकत घेतला होता ना रे?"

"डबा आपला. त्याच्यातलं डोकं त्यायचं. तसं लिहेल होतं."

"अन् हाव कोण म्हटलं?"

प्रसेनजितनं मान खाजवली. "मीच. तुमचा अंगठा धरून दाबलं. वाचते कोण, मामी?"

शेजारचे कडूबा ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. रुखमाबाई त्यांच्याकडे वळल्या. "भाऊजी, गावात असे डबे किती झन्याईचे असतीन. सगळे मिळून तक्रार करा ना."

"कोणाले करता, वहिनी? पाच वर्षांतून एकदा आपण बी बटन दाबतोच. कोणती मोटर चालू झाली?"

"म्हणून काय दाबाचंच सोडाव?"

कडूबांनी मळलेली तंबाखू तोंडात टाकली.

दुसऱ्या दिवशी गुलाबराव एकटेच शेतात गेले. लाईट आली, त्यांनी हातानं मोटर चालू केली आणि भिजवण करून घरी आले.

"कोणत्या वाफ्याले देल्लं?" रुखमाबाईंनी विचारलं.

"सगळ्याईलेच."

रुखमाबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. जेवणाचं ताट तसंच राहिलं.

"जेवत काऊन नाही व?"

"मले काय काम पडलं, भूक लागाले?"

गुलाबरावांनी झाकण ठेवून ताट उचललं.

सकाळी निघताना मात्र बाजेपाशी थांबले. "लाईट आली की मी मिसकॉल मारीन. मंग तू मले मार. तवरोक मी बटनाले हात लावत नाही."

"अन् नाही मारला तं?"

"तं बसीन विहिरीवर. कुठं जातो?"

दुपारी घंटी वाजून तुटली. रुखमाबाईंनी मोबाईलकडे पाहिलं आणि मुद्दामच चहा मागवला. सून चहा देऊन गेली. त्यांनी तो बशीत ओतला, फुंकर घातली, सावकाश प्यायल्या. फोन गप्प होता. माणूस खरंच बसला होता.

मग त्यांनी अंगठ्यानं नवऱ्याचं नाव दाबलं, एक घंटी जाऊ दिली आणि तोडला.

थोड्या वेळानं फोन आला. मागे पाइपातून पाणी धो धो पडत होतं आणि कोणीतरी नाकातून, जमेल तेवढा बारीक आवाज काढून म्हणत होतं, "नमस्कार. आपली मोटर सुरू झाली आहे."

रुखमाबाईंचं हसू थांबेना. पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या, "हाव माय. आवाज लय बसला व तुहा! जेवली काय?"

"नाही. तू?"

"घेते आता. अन् ऐका, काल वांग्याले उगाच देल्लं. आज नुसत्या मेथीले सोडा. हळू. तोंडाशी उभे राहा."